वय आणि ज्येष्ठता : १९२० सालच्या एका संघनिवडीविषयी

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीलगत जी काही मोकळी मैदाने अद्याप शिल्लक आहेत, तिथे रविवारी सकाळी क्रिकेटचे सामने होतात. कारखान्यांचे संघ असतात, बँकांचे असतात, क्वचित आम्हा प्राध्यापक मंडळींचाही असतो. आमच्या संघात डाव्या हाताने संथ फिरकी टाकणारे एक सहकारी आहेत. वय ४६. गेल्या हिवाळ्यात नव्या हंगामाची यादी करताना एक तरुण सहकारी सहज बोलून गेला, "सरांचं आता वय झालं." सर हसले आणि चहाचे पैसे द्यायला उठले. हे सर ११ वर्षे तासिका तत्त्वावर मराठी शिकवतात. कायम पदाच्या एका मुलाखतीत हेच वाक्य त्यांना जरा अधिक सभ्य भाषेत ऐकवले गेले होते. मैदानावर ते वाक्य खरे होते. जमिनीलगतचा चेंडू अडवायला सरांना आता वाकवत नाही. मुलाखतीच्या खोलीतही ते हिशेबाने खरेच होते. फक्त ती ११ वर्षे कुठे गेली, हा प्रश्न त्या हिशेबात धरलेला नव्हता.

त्या दिवसापासून १९२० सालची एक संघनिवड माझ्या डोक्यात घोळते आहे. वयस्क गोलंदाजाला संघात ठेवायचे की नाही, हा प्रश्न एरवी क्रीडापानापुरता असतो. त्या वर्षी मुंबईत तो जातीच्या प्रश्नाला येऊन भिडला. गोलंदाजाचे नाव पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. कुटुंब मूळचे कोकणातल्या पालवणचे, जातीने चांभार. वडील लष्करात चाकरीला, म्हणून मुले पुण्यात वाढली. पारशांच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडण्याचे, रोलर फिरवण्याचे काम महिना तीन रुपयांवर त्यांनी धरले. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर गेले. तिथे जाळी बांधायची, रेघा आखायच्या आणि साहेब लोक सरावाला आले की त्यांना गोलंदाजी करायची. ग्रेग नावाचा एक नामांकित फलंदाज बाकीचे येण्यापूर्वीच येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी, आणि प्रत्येक वेळी बाद झाल्यावर आठ आणे देई, असे सांगितले जाते. आठ आण्यांची गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यामागचे वास्तव मात्र निर्विवाद आहे. त्या क्लबात बाळूंनी हजारो चेंडू टाकले, पण त्यांच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. फलंदाजी हा मालकांचा खेळ होता. गोलंदाजी म्हणजे कष्ट, आणि कष्ट करायला माणसे होती.

पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांना हरवायचे होते. त्यामुळे या मुलाला घ्यायचे की नाही यावर बराच खल झाला आणि अखेर घेतले. मैदानावर चेंडू एकच, सगळे त्याला हात लावीत. चहापानाची वेळ झाली की बाळूंचा चहा तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचे पानही वेगळे. चेंडूला न लागणारा विटाळ कपाला लागतो, हा तर्क त्या काळी कुणाला विसंगत वाटला नाही. (आपल्याला तो विसंगत वाटतो, कारण आपण तो बाहेरून वाचतो आहोत, आपल्या काळातले असे तर्क आपल्यालाही दिसत नसणार.)

पुढे बाळू मुंबईला गेले. तिथे रेल्वेची नोकरी आणि हिंदू जिमखान्याचा संघ. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. बाळूंनी त्या सामन्यात आठ गडी बाद केले. त्या विजयाची चर्चा खेळापुरती राहिली नाही. चांभार समाजातल्या खेळाडूला जिमखान्याने सामावून घेतले याचा उल्लेख सामाजिक सुधारणेच्या अंगाने त्या काळच्या वृत्तपत्रांत झाला. पुढच्याच वर्षी सामने तिरंगी झाले, १९१२ पासून चौरंगी. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. तो संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले.

इथे एका तारखेपाशी थांबायला हवे. प्रथम श्रेणीच्या नोंदवहीत बाळूंचे नाव पहिल्यांदा येते ते १९०६ मध्ये, म्हणजे वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर. गोलंदाजाच्या आयुष्यातली सर्वांत ताकदीची दहा वर्षे तोवर सरली होती. ती जाळीत गेली, रोलरमागे गेली, साहेबांच्या सरावात गेली. त्यांच्या नावावर ३३ सामन्यांत १७९ बळी आहेत, दर बळीमागे जेमतेम १५ धावा. हा हिशेब तिशीनंतरचा आहे. चौतिसाव्या-पस्तिसाव्या वर्षी ज्यांना 'अनुभवी' म्हणायला सुरुवात होते, त्या वयात बाळू इंग्लंडमध्ये आपला पहिलाच परदेश दौरा करीत होते.

अशा माणसाचे वय मोजायचे कुठून? जन्मापासून मोजले तर १९२० मध्ये ते ४४ वर्षांचे होते. पहिल्या संधीपासून मोजले तर चौदा वर्षांचे.

आता १९२० कडे येऊ. हे वर्ष महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात गजबजलेले आहे. जानेवारीच्या अखेरीस आंबेडकरांचे 'मूकनायक' सुरू झाले. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली आणि शाहू महाराज तिथे स्वतः आले. १ ऑगस्टला टिळक गेले. डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने असहकाराचा ठराव केला आणि त्यात अस्पृश्यता दूर करण्याची भाषाही आली. त्याच हिवाळ्यात मुंबईत चौरंगी सामने व्हायचे होते. हिंदू संघाचे कर्णधार एम. डी. पै आजारी पडले. निवड समितीने दोन गोष्टी केल्या. बाळूंना संघातून वगळले. आणि कर्णधारपद पुण्याच्या दि. ब. देवधरांना दिले.

पैंनंतर कर्णधारपदावर हक्क होता तो बाळूंच्या धाकट्या भावाचा, विठ्ठलचा. विठ्ठल तेव्हा ३४ वर्षांचे होते आणि हिंदू संघातील अव्वल फलंदाजांत त्यांची गणना होत होती. देवधर २८ वर्षांचे, ब्राह्मण, सुशिक्षित, पुढे संस्कृतचे प्राध्यापक म्हणून नावाजलेले. विठ्ठल आणि दुसरे भाऊ शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि आपली बाजू वर्तमानपत्रांतून जाहीरपणे मांडली. योग्यता आणि ज्येष्ठता असूनही केवळ जातीमुळे डावलले जाते आणि हा स्वाभिमानाचा प्रश्न आहे, असा त्यांचा आशय होता. लोकमत बऱ्याच अंशी त्यांच्या बाजूने गेले. पैंची प्रकृती सुधारली, तडजोड झाली, भाऊ परतले. वगळलेले बाळूही परतले, आणि साधे परतले नाहीत, उपकर्णधार म्हणून परतले. पारशांविरुद्धच्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. चौदा वर्षांत तेवढेच. त्यांची प्रथम श्रेणीची कारकीर्द त्याच हंगामात संपली.

समितीच्या दोन्ही निर्णयांकडे सुटे सुटे पाहिले तर प्रत्येकाचे समर्थन करता येते, आणि ते प्रामाणिकपणे करून पाहिले पाहिजे. ४४ वर्षांचा गोलंदाज वगळला, यात अघटित ते काय? संथ फिरकी टाकणारा इतरांपेक्षा उशिरा थकतो हे खरे. त्याला लांब धावत यायचे नसते. त्याची मदार खांद्यावर, बोटांवर आणि समोरच्या फलंदाजाला वाचण्यावर असते, आणि हे शेवटचे कसब वयाबरोबर वाढते. पण सामना केवळ गोलंदाजीचा नसतो. उरलेला सगळा वेळ मैदानात उभे राहायचे असते, झेल घ्यायचे असतात, खालच्या क्रमांकावर जाऊन नजर शाबूत ठेवून वेगवान गोलंदाजी खेळायची असते. बाहेर तरुण गोलंदाज संधीची वाट पाहत असतात, आणि त्यांचीही उमेदीची वर्षे कुणासाठी थांबत नाहीत. ज्या वाट पाहण्याने बाळूंची दहा वर्षे खाल्ली, ती बाळूंसाठी दुसऱ्या कुणाच्या वाट्याला का यावी? हा आक्षेप मला बिनतोड वाटतो. मी त्या समितीत असतो आणि कागदावर फक्त गोलंदाजांची नावे असती, तर मीही कदाचित बाळूंच्या नावापाशी अडखळलो असतो.

देवधरांची निवडही अशीच सुटी पाहिली तर समर्थनीय ठरते. तरुण, अभ्यासू, खेळाची उत्तम जाण. पुढच्या इतिहासाने त्यांची योग्यता सिद्धच केली.

अडचण दोन्ही निर्णय एकाच कागदावर वाचताना येते. मोठ्या भावाच्या बाबतीत वर्षे मोजली गेली आणि त्यांना 'वय' म्हटले गेले. धाकट्या भावाच्या बाबतीत वर्षे मोजायची वेळ आली तेव्हा त्यांना 'ज्येष्ठता' म्हणावे लागले असते. म्हणून ती मोजलीच गेली नाहीत. आकडा एकच, पण मराठीत त्याला दोन शब्द आहेत, आणि कुणाच्या वाट्याला कोणता शब्द यावा हे कुठेतरी आधीच ठरलेले असते. वय माणसाला दाराकडे नेते, ज्येष्ठता खुर्चीकडे. विठ्ठलला कर्णधार करून बाळूंना वगळले असते तर मी ती निवड क्रिकेटची मानली असती. बाळूंना ठेवून देवधरांना कर्णधार केले असते तरी निदान वाद घालायला जागा राहिली असती. दोन्ही एकदम घडले, तिथे 'वय' हा शब्द आपले वजन गमावतो.

तडजोडीनेही तेच उघड केले. ज्याला खेळाडू म्हणून जागा नव्हती तो उपकर्णधार कसा झाला? दोन निर्णयांच्या मधल्या काळात त्याचे खांदे तरुण झाले नव्हते. वगळण्यात क्रिकेट जेवढे होते तेवढेच परत घेण्यात होते, म्हणजे फारसे नव्हतेच.

पै यांच्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. १९१३ साली त्यांच्या सत्काराच्या प्रसंगी त्यांनी सांगितले होते की कर्णधारपदाचा मान खरे तर बाळूंना मिळायला हवा होता, कारण ते ज्येष्ठ आणि अधिक अनुभवी आहेत. सत्काराच्या हाराखाली उभे राहून असे बोलणे सोपे नसते. पण हे बोलूनही कर्णधार पैच राहिले, १९१३ नंतर आणखी सात वर्षे. व्यवस्थेची गंमत अशी की तिला चांगली माणसे चालतात.

याच काळातली दोन परदेशी उदाहरणे शेजारी ठेवली तर प्रश्न अधिक नीट दिसतो. पहिले इंग्लंडच्या विल्फ्रेड ऱ्होड्सचे. हाही डाव्या हाताने संथ फिरकी टाकणारा, बाळूंहून वर्षाने लहान; बाळूंची तुलना त्याच्याशी होत असे. १९२६ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या ओव्हल कसोटीसाठी ४८ वर्षांच्या ऱ्होड्सला परत बोलावले गेले. दुसऱ्या डावात त्याने ४४ धावांत ४ बळी घेतले आणि इंग्लंडने ॲशेस परत मिळवली. वृद्ध गोलंदाजाला संधी द्यावी याचा पुरावा म्हणून ही कथा सांगितली जाते. तिच्यातला दुसरा तपशील मला अधिक बोलका वाटतो: त्या मोसमात ऱ्होड्स स्वतः निवड समितीत होता. व्यावसायिक खेळाडूला, खाणकाम करणाऱ्या वस्तीतून आलेल्या माणसाला, इंग्लंडच्या वर्गबद्ध क्रिकेटने उशिरा का होईना पण त्या टेबलाशी बसवले. त्याचे वय मोजले जात होते तेव्हा तो खोलीत हजर होता.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले, बेसबॉलचे. तिथे फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. संघाचे दैव बरेचसे त्याच्या खांद्यावर असते. सॅचेल पेज हा त्या काळातला बहुधा सर्वश्रेष्ठ कृष्णवर्णीय पिचर. गोऱ्यांच्या मुख्य स्पर्धांमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. १९२० साली त्यांची स्वतंत्र राष्ट्रीय लीग उभी राहिली, आणि पेजची सगळी तारुण्याची वर्षे अशा वेगळ्या पंगतीत गेली. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनने ती भिंत ओलांडली. पुढच्या वर्षी क्लीव्हलंड संघाचे मालक बिल व्हेक यांनी पेजला घेतले. तेव्हा त्याचे वय होते ४२, आणि त्या स्पर्धेच्या हिशेबाने तो नवखा! प्रसिद्धीसाठी केलेला खटाटोप म्हणून टीका झाली. पेजने त्या हंगामात सहा सामने जिंकून दिले, एक हरला. संघ अजिंक्य ठरला. १९४९ चा हंगाम मात्र वाईट गेला. संघाची मालकी बदलली आणि त्याला पुन्हा करारबद्ध केले गेले नाही. वय झाले होतेच. मग व्हेक यांनी सेंट लुईसचा संघ घेतला, १९५१ मध्ये पेजला पुन्हा बोलावले, आणि १९५२ साली, ४६ व्या वर्षी, त्याच्या नावावर १२ विजय लागले. १९६५ मध्ये ५९ वर्षांचा पेज पुन्हा एकदा एका सामन्यापुरता उतरला आणि तीन डाव त्याने एकही धाव दिली नाही.

पेजची ही कथा वाचताना आनंद होतो खरा, पण तिचा उपयोग जपून करावा. असाधारण माणसाने चाळिशीनंतरही काय करून दाखवले हे सांगताना त्याला विशीत काय करू दिले नाही हे झाकले जाते. बाळूंच्या बाबतीत तर भरपाईचा तो उत्तरार्धही घडला नाही. त्यांना कुणी व्हेक भेटला नाही.

देवधरांचा पुढचा इतिहास इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १९२० मध्ये ज्यांच्या तारुण्याला पसंती मिळाली, तेच देवधर पुढे भारतीय क्रिकेटमध्ये वयाला न जुमानण्याचे प्रतीक बनले. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. १९४० साली ४८ व्या वर्षी त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. १९४४ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके केली. हे सारे लखलखीत आहे आणि त्याचे श्रेय त्यांचेच. देवधरांवर दोष ठेवण्याचा इथे हेतू नाही; समितीने दिलेले पद तरुण खेळाडूने घेतले, एवढेच. पण ४८ व्या वर्षीच्या देवधरांना कुणी वय विचारले नाही, कारण तोवर त्यांचे वय ज्येष्ठता झाले होते. बाळूंच्या वयाला ते रूपांतर कधी लाभले नाही.

एक किरकोळ निरीक्षण नोंदवतो. धावफलकावर पै, देवधर ही आडनावे असत. पालवणकर बंधूंची नोंद मात्र पी. बाळू, पी. शिवराम, पी. गणपत, पी. विठ्ठल अशी. चार भाऊ एकाच संघात असल्याने ही सोय झाली असावी. परिणाम असा की भारतातल्या पहिल्या थोर गोलंदाजाला इतिहास आजही लहान मुलाच्या नावाने हाक मारतो. ४४ व्या वर्षी 'वय झाले' म्हणून वगळलेला माणूस कागदावर अखेरपर्यंत बाळूच राहिला.

विठ्ठलना कर्णधारपद मिळाले ते १९२३ मध्ये. तोवर बाळू खेळातून बाहेर पडले होते. पुढे ते राजकारणात आले, १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे, आणि १९३७ मध्ये मुंबईच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांसमोर उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. मराठवाड्यात, आंबेडकरी चळवळीने घडवलेल्या या भूमीत, हा तपशील बाळूंच्या आठवणीआड येतो, याचा अनुभव मी वर्गात घेतला आहे. दलित चळवळीला ते प्रतिस्पर्धी म्हणून आठवतात आणि क्रिकेटच्या चाहत्यांना बहुधा आठवतच नाहीत. कारण त्यांची कारकीर्द कसोटी सामन्यांच्या आधीची, आणि ज्या सांप्रदायिक सामन्यांत ते खेळले त्यांचा अभिमान बाळगणे पुढे अवघड झाले. १९५५ मध्ये ते वारले. इंग्रजी वाचकांपुढे त्यांचे नाव ठळकपणे आणले ते रामचंद्र गुहा यांच्या २००२ सालच्या ग्रंथाने.

मराठीत मात्र साधन त्याच्या कितीतरी आधीपासून होते. विठ्ठल पालवणकरांचे 'माझे क्रीडाजीवन' हे आत्मचरित्र १९४८ सालचे आहे. 'बलुतं' १९७८ मध्ये आले. म्हणजे हे पुस्तक त्याच्या तीस वर्षे आधीचे. दलित आत्मकथनांवरील आपल्या चर्चेत त्याचा उल्लेख सहसा सापडत नाही, कारण ते 'खेळ' या कपाटात ठेवले गेले. एम. ए. च्या विद्यार्थ्यांना दर वर्षी लघुप्रबंधासाठी विषय हवा असतो, आणि दर वर्षी तीच सात-आठ पुस्तके पुढे येतात. यंदा मी हे पुस्तक एका विद्यार्थिनीला सुचवले आहे. जुन्या ग्रंथालयांतून त्याची प्रत शोधायला तिच्याबरोबर आमचे ते फिरकी टाकणारे सरही जाणार आहेत.